विस्तव काढण्याचा मान

धूर जायला हवा, याविषयी पांढुर्ण्यात कुणाचेच दुमत नव्हते. संत्र्याच्या बागायतदारांना तो नको होता, कारण रघुनाथरावांच्या जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, धुराड्यातून उडालेली काजळी मृगबहाराच्या फळांवर बसे आणि नागपूरचा दलाल ती नखाने खरवडत भाव पाडी. शासनाला तो नको होता, कारण कोळसा वाचवणाऱ्या गिरण्यांना सवलतीचे कर्ज देण्याची एक योजना नुकतीच निघाली होती आणि योजना निघाली की तिला लाभार्थी लागतात. शिवाय दीड वर्षापूर्वी भोपाळात जे घडले, त्यानंतर हवा या विषयावर बोलताना अधिकाऱ्यांचा आवाज आपोआप खाली येई. बॉयलरच्या तोंडाशी पंचवीस वर्षे उभा राहिलेला फायरमन हिरामण, त्याला तर धूर सगळ्यांआधी नको होता. सकाळी उठल्यावर तो जे खोकून टाकी त्याचा रंग कोळशाचा असे. सन शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात धुराच्या बाजूने बोलणारा एकही माणूस तालुक्यात सापडला नसता.

अडचण एवढीच होती की धूर एकटा जात नाही. त्याच्याबरोबर कोळसा उतरवणारे जातात, पाणी भरणारे जातात, भट्टीत कोळसा मारणारे जातात आणि राख उपसणाऱ्या बायका जातात. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत या प्रवासाला संक्रमण असा निर्जंतुक शब्द आहे. ज्या काळी याच वऱ्हाड-नागपूरच्या कापसाने विलायतेतल्या गिरण्या चालत, त्या काळी वाफेच्या यंत्राने हातचरकीवर सरकी काढणाऱ्या बायका घरी बसवल्या. तेव्हाही ग्रंथांत हाच शब्द होता. आता विजेची मोटर वाफेला घरी बसवणार होती. ग्रंथ नवे निघाले होते. शब्द बदलण्याची गरज कुणाला भासली नव्हती.

रघुनाथरावांचे पांढुर्ण्यातले जुने शेतकरी घराणे. संत्र्याची बाग, कापसाची शेती आणि आजोबांनी उभारलेले हे जिन. माणूस वाईट नव्हता, आणि ही गोष्ट या कथेत पुढे फार महाग पडते. मुलगा हेमंत जबलपूरहून अभियंता होऊन आला होता. मोटर, कर्ज, समारंभ आणि सवलतीचे कागद हे सगळे त्याचे. बॉयलरखात्यातल्या माणसांना नव्या मोटरखात्यात घ्यायचे नाही, हेही त्याचेच. तिथे त्याने नागपूरहून दोन प्रशिक्षित मुले बोलावून ठेवली होती.

जिनात एक रीत होती. दसऱ्याला भट्टीत पहिला विस्तव मालकाच्या घरचा माणूस टाकी आणि सीझन संपला की तोच विस्तव बाहेर काढण्याचा मानही मालकाच्या घरचाच. रघुनाथराव रेशमी सोवळे नेसून येत, लांब दांड्याचे लोखंडी दंताळे हाती घेत, दोन निखारे ओढत, आणि गुलाल उधळला जाई. मग ते घरी जेवायला जात आणि उरलेली धगधगती भट्टी हिरामण दुपारपर्यंत रिकामी करी. बॉयलरने वर्षभर ज्याच्या हातचे पाणी प्यायले, त्याच्या हातचे पाणी मालकाच्या घरात चालत नव्हते. त्यामुळे त्याच्या हाती मानाचे दंताळे देण्याचा प्रश्न कुणाच्या मनात उद्भवला नव्हता. तो एकदाच उद्भवला होता. दहा वर्षांपूर्वी, संघटना नवी असताना, चिटणीस भाऊरावाने मागण्यांचे निवेदन दिले. त्यात मजुरीच्या, सुट्टीच्या मागण्यांखाली शेवटची मागणी होती: विस्तव काढण्याचा मान बॉयलरखात्यातील कामगारास मिळावा. मजुरी थोडी वाढली. सुट्टी मिळाली. शेवटच्या मागणीवर मालकाने, ही आमच्या घरची धार्मिक बाब आहे, असे उत्तर दिले. बौद्ध वस्तीत ते उत्तर कुणी विसरले नाही.

नव्या मोटरीच्या समारंभाच्या आदल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर भाऊराव बोलायला उभा राहिला. तो गठाणी बांधणाऱ्या प्रेसखात्यात होता. कायद्याची पुस्तके उधार आणून वाचत असे.

"ऐका. मालकानं खातं बंद केलं तं त्याले आपल्याले नव्या खात्यात घ्या लागते. नाही तं रीतसर काढा लागते, नोटीस देऊन, भरपाई देऊन. पण आपणच काम सोडलं असं दिसलं, तं मंग काहीच नाही. मंग राम राम."

"राम राम कायले," राख उपसणारी शकुबाई म्हणाली, "आता ते शिकले हायत. जय भीम म्हनून धाडतीन."

हसणे ओसरल्यावर भाऊराव म्हणाला, "म्हनून एकच गोष्ट. परवा कोनी बॉयलरले हात लावायचा नाही. फोटोवाला येऊन राहिला. विस्तव काढनारा हात मालकाचाच दिसला पाह्यजे. हिरामणदादा, ऐकून राहिला का?"

"ऐकून राहिलो ना बाप्पा. दरसाल तेच काढते. दोन निखारे."

"सोवळ्याले ठिणगी लागन म्हनून दोनच," शकुबाई म्हणाली.

हिरामणची बायको जयवंता भिंतीला टेकून बसली होती. "भाऊराव भाऊजी, मोटरले राख नाही पडत म्हन्ते. मंग मी कोनत्या खात्यात हाव?"

"वहिनी, तुमचं दादाच्या मागं."

"मागं म्हंजे कुठं?"

प्रश्न बरोबर होता. जिनात फायरमन जोडीने ठेवला जाई. नवरा कोळसा मारी, बायको राख उपसे. पगार एक, नाव एक. कायद्याच्या डोळ्यांना जयवंता नावाची कामगार कधी दिसलीच नव्हती. बावीस वर्षे तिने जी राख वाहिली, ती कायद्यानुसार आपण होऊन चालत बागेत गेली असावी.

"तुमचं मी नंतर पाह्यतो," भाऊराव म्हणाला. "आधी दादाचं टिकू द्या."

मंगळवारी जिनाच्या आवारात मांडव पडला. राजधानी भोपाळहून आलेले साहेब ऊर्जा, पर्यावरण आणि देश यांविषयी हिंदीत बोलले. प्रत्येक कोळशाच्या वाघिणीमागे किती झाडे वाचतात हे त्यांना ठाऊक होते. माणसांचा आकडा त्यांच्या भाषणात नव्हता. कदाचित तो दुसऱ्या विभागाकडे असेल. नवी मोटर हिरव्या रंगात, झेंडूच्या माळा घालून, एखाद्या दत्तक मुलासारखी बसवली होती. बॉयलरखात्यातली माणसे ठरल्याप्रमाणे मांडवाबाहेर, हात पाठीमागे घेऊन उभी होती.

हेमंतने वडिलांच्या हाती ध्वनिक्षेपक दिला.

रघुनाथराव सोवळ्यात नव्हते. साध्या धोतरात होते. ते म्हणाले, "दहा वर्षांपूर्वी आपल्या कामगारांनी माझ्याकडे एक मागणी केली होती. शेवटची मागणी होती ती. मी नाही म्हणालो. तेव्हा मी चुकलो."

मालक चुकलो म्हणतो हे ऐकण्याचा सराव कुणालाच नव्हता.

"आज शेवटचा विस्तव आहे. तो मी काढणार नाही."

ते पायऱ्या उतरले, गर्दीतून सरळ मांडवाबाहेर आले आणि हिरामणपुढे उभे राहिले. "हिरामणजी, चला. हा मान तुमचा." त्यांनी त्याचा हात धरला.

त्या घराण्यातल्या कुणी त्याचा हात यापूर्वी धरला नव्हता. जी हा प्रत्यय तर त्याच्या नावाला प्रथमच लागत होता. हिरामणने मान वळवून भाऊरावाकडे पाहिले. त्याला खूण हवी होती. नाही म्हणण्याची किंवा हो म्हणण्याची, कोणतीही चालली असती. आणि भाऊरावाची, सगळी कलमे पाठ असलेल्या त्या माणसाची, स्थिती अशी होती की पुढे जे चालले होते ते त्याचेच निवेदन होते. त्याच्याच शब्दांतली मागणी दहा वर्षांनी, भर मांडवात, माफीसकट मंजूर होत होती. तिला नको म्हणायचे तर कोणत्या तोंडाने? मागच्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली. मग वस्तीतल्या सगळ्यांनी वाजवली. शेवटी भाऊरावानेही वाजवली.

माणसाचे पोट मारायचे असेल तर त्याची भूक नव्हे, त्याची सर्वांत जुनी इच्छा हुडकून काढावी, हे हेमंतला कुणी शिकवले होते की ते त्याला आपोआप सुचले, हे सांगता येत नाही. इच्छा हुडकली त्याने, हे खरे. नारळ मात्र त्याने कार्यक्रमातून आठवणीने वगळला होता. बौद्ध माणूस नारळ घेणार नाही, त्याला शेला आणि भिंतीवरचे घड्याळ द्यावे, हेही त्यानेच ठरवले. इतक्या बारकाईने त्या वस्तीचा अभ्यास आजवर कोणत्याच विद्वानाने केला नव्हता.

हिरामणने दंताळे घेतले. दोन निखाऱ्यांवर थांबणे त्याला जमण्यासारखे नव्हते. त्याने भट्टीचे दार पूर्ण उघडले, आतल्या कोपऱ्यापर्यंत दंताळे घातले आणि विस्तवाचा लोट बाहेर ओढला. पुन्हा ओढला, पुन्हा. साहेब दोन पावले मागे सरले. स्टेशन रोडवरच्या स्टुडिओवाल्याने फोटो घेतले: दंताळे धरलेला हिरामण, रिकाम्या भट्टीशेजारी हिरामण, शेला पांघरलेला हिरामण, हिरामण आणि मालक. सगळ्या फोटोंत तो हसतो आहे.

त्यानंतर हिरामण आणि त्याच्या बायकोला मालकाच्या घराच्या ओसरीवर खुर्च्या दिल्या. मालकीणबाई अंबाबाई स्वतः आल्या, जयवंताला लुगडे दिले, आणि निळ्या फुलांच्या कपबश्यांतून चहा आला. रघुनाथरावही त्याच ओसरीवर चहा प्यायले. हिरामण बशीत ओतून पीत नव्हता. कपाने पीत होता, फार सावकाश, संपू नये म्हणून.

बाहेर ओढलेल्या निखाऱ्यांवर अजून पाणी मारायचे होते. मान कुणाचाही असो, ते काम जयवंताचेच होते. ती बादली घेऊन घराच्या मागच्या नळावर गेली. तिथे मोलकरीण कलाबाई परसातल्या खड्ड्याशी बसून दगडाने काहीतरी फोडत होती. निळी फुले जयवंताने लांबूनच ओळखली. बाकीच्या कपबश्या धुऊन नळाशी पालथ्या घातल्या होत्या.

"चीर गेली होती का वो त्याइले?" तिने विचारले.

कलाबाईने मान वर केली नाही. "मले काहून इचारतं, माय? मले सांगतलं ते करून राहिली."

"दोनच?"

"दोनच सांगतल्या."

जयवंताने बादली भरली, जाऊन निखारे विझवले, आणि नवऱ्याबरोबर घरी आली.

घरी तिने हे सांगितले नाही. सांगण्याची फट सापडली नाही असे म्हणता येणार नाही. महिनाभर हिरामण दुसरे काही बोलतच नव्हता. कुणी आले की घड्याळ दाखवी. मालकानं चुकलो म्हटलं, सगळ्याइच्या देखत. कपबशीत चहा देल्ला, त्याच ओसरीवर. त्याचे वडील त्या ओसरीखाली, चपला काढून, उन्हात उभे राहून मजुरी घेत. हे सांगताना तो थांबे, खोके, आणि पुन्हा सुरू करी. जयवंता भाकरी थापताना ऐके. एवढ्या वर्षांत तिने त्याला कशाचाही गर्व करताना पाहिले नव्हते. तिने त्याचे ते राहू दिले.

एवढ्यात सीझनच्या तयारीची डागडुजी सुरू झाली होती. दरसाल तिला बॉयलरखात्यातली माणसे लागत, म्हणून ती सगळी नेहमीप्रमाणे गेली. फाटकावर नवा चौकीदार होता. त्याने हेमंतला बोलावून आणले.

"हिरामणजी!" हेमंत मनापासून चकित झाल्यासारखा म्हणाला. "तुमचा तर सत्कार झाला ना? निरोप दिला आपण तुम्हाला, सगळ्या गावासमोर."

"छोटे मालक, मोटरवर काही काम असन तं..."

"तुम्ही स्वतःच्या हाताने खातं बंद केलंत. तुमच्यामागे तुमची माणसंही टाळ्या वाजवत होती. आता परत कसं?"

तक्रार झाली. समेटाची बैठक श्रावणात सौंसरच्या विश्रामगृहात लागली; अधिकारी दौऱ्यावर तिथे येणार होते. बॉयलरखात्यातल्या सगळ्यांचे भवितव्य एका माणसाच्या जबाबावर येऊन थांबले होते, कारण दंताळे एकाच्याच हातात होते. त्याला जबरदस्तीने नेले असेल तर कायद्यानुसार सगळ्यांना काढले, असे ठरले असते. तो आपण होऊन गेला असेल तर सगळे आपण होऊन गेले.

बसमध्ये भाऊराव त्याला समजावत होता. "तू फक्त एवढंच म्हन, दादा. मालकानं मले ओढत नेलं."

"ओढत नाही नेलं."

"अरे, हात धरला का नाही?"

"धरला."

"मंग?"

"हात धरनं वेगळं आन् ओढनं वेगळं."

"कायद्यात काही वेगळं नाही!"

"मले वेगळं हाय ना पन," हिरामण म्हणाला. "ओढत नेलं म्हटलं तं तो मान कायचा राह्यला? तूच तं मागतला होता तो. दहा साल झाले."

भाऊराव खिडकीबाहेर पाहू लागला. मोहगावचा फाटा गेला. मागच्या बाकावर जयवंता बसली होती. तिने सगळे ऐकले.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितले, अगदी खुर्चीवर. एका बाजूला रघुनाथराव काठीवर हात ठेवून, त्यांच्याशेजारी हेमंत. दुसऱ्या बाजूला भाऊराव आणि हिरामण. जयवंता दाराशी उभी. हेमंतने फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

"ये आप हैं?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"जी साहेब."

"आग आपने निकाली?"

"मीच काढली. पुरी काढली."

"किसी ने ज़बरदस्ती की? मालिक ने खींचा, धमकाया?"

भाऊरावाने टेबलाखालून त्याच्या गुडघ्याला गुडघा लावला. रघुनाथराव हिरामणकडे पाहत होते; त्या पाहण्यात धमकी नव्हती, उलट एक प्रकारची विनवणी होती. आपण आयुष्यात एकदा जे चांगले केले, तेवढे तरी याने खोटे ठरवू नये.

"नाही साहेब," हिरामण म्हणाला. "मान देल्ला होता."

"और शाल, घड़ी? अपनी मर्ज़ी से ली?"

"हो."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतले. अक्षर सुरेख होते.

तेव्हा दाराशी उभी असलेली जयवंता पुढे आली. "साहेब, मले बोलायचं हाय."

"आप कौन?"

"मी त्याइची बायको. राख मीच उपसो."

"आप कामगार हैं? नाम है सूची में?"

भाऊराव घाईने म्हणाला, "साब, जोड़ी में काम होता था..."

"नाम है या नहीं?"

"नाही," जयवंता म्हणाली. "नाव नाही. पन डोये हायत. तो मान नव्हता, साहेब. ज्या कपबश्यांत आमाले चहा देल्ला, त्या आमी उठल्याबरोबर मांगच्या खड्ड्यात दगडानं फोडल्या. दोनच. आमच्याच दोन. बाकीच्या धुऊन ठेवल्या. मी माह्या डोयानं पाह्यलं. असा मान राह्यते का? हे सगळं नाटक होतं, आमच्या हातून खातं बंद करासाठी."

अंबाबाई तिथे नव्हत्या. रघुनाथरावांचा हात काठीवरून घसरला आणि त्यांनी तो पुन्हा ठेवला. हेमंतने फोटो सरळ केले. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, आणि अतिशय सौम्यपणे, समजावण्याच्या स्वरात सांगितले:

"देखिए बाई, ये जो आप बता रही हैं, बहुत गंभीर बात है। पर ये अलग विषय है। इसके लिए अलग कानून है, अलग दफ़्तर है। यहाँ हम सिर्फ़ ये देख रहे हैं कि काम किसने छोड़ा।"

आणि ते खरे होते. आपल्या प्रजासत्ताकाने माणसाचे अपमान नीट वर्गवारी करून ठेवले आहेत. पोटाचा एका कपाटात, जातीचा दुसऱ्या कपाटात. दोन्ही कपाटांच्या चाव्या वेगवेगळ्या गावी. एकाच दुपारी, एकाच ओसरीवर, एकाच कपातून दोन्ही अपमान प्यायलेला माणूस कोणत्या कपाटात ठेवायचा, याची तरतूद झालेली नाही.

हिरामण अधिकाऱ्यांकडे पाहत नव्हता. तो जयवंताकडे पाहत होता. खूप वेळ पाहिल्यावर तो खुर्चीवरून उठला आणि उभा राहूनच म्हणाला, "साहेब, ओढत नेलं मले."

"क्या?"

"मालकानं हात धरून ओढत नेलं. मी जात नव्हतो. लिहा तसं."

अधिकाऱ्यांनी समोरच्या कागदाकडे पाहिले. "अभी तो आपने कहा, मान दिया था। लिख लिया है मैंने।"

"तवा मले ठाऊक नव्हतं."

"बयान तो हो गया, भाई," अधिकारी म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटले असावे, कारण त्यांनी चपराशाला सगळ्यांसाठी पाणी आणायला सांगितले.

निकाल त्या दिवशी सांगितला नाही. तशी पद्धत नसते. पण पेनाचे टोपण लावण्याच्या आवाजातून तो सगळ्यांना कळला. वाद न्यायालयाकडे धाडण्यासारखे कारण दिसत नाही, असे पत्र पुढे आले, ते केवळ शिष्टाचार म्हणून.

भाऊराव बसस्टँडवरून नागपूरच्या गाडीत बसला. तिथे एक वकील होता, तो वर अर्ज करू म्हणाला होता. "मी हरलो नाही, दादा," खिडकीतून तो म्हणाला. हिरामणने हात वर केला. गाडी गेल्यावर दोघेच उरली. पांढुर्ण्याची बस बिघडून डेपोत उभी होती.

"तुले तवापासून ठाऊक होतं?" हिरामणने विचारले.

"हो."

"आन् रोज माह्यं ऐकून राहिली होती."

"ऐकून राहिली होती."

"सांगतलं असतं तं आज पयल्यांदाच ओढलं म्हटलं असतं मी. सगळ्याइचं काम राह्यलं असतं."

"ठाऊक हाय मले," जयवंता म्हणाली. तिने पदर तोंडावर धरला नाही, रडली नाही. "तुमी त्या घड्याळाकडं पाहून जेवत होते. मले नाही सांगवलं."

ती दोघे बराच वेळ कठड्यावर बसून राहिली. मग हेमंत चालवत असलेली जीप समोरून गेली, थोड्या अंतरावर थांबली आणि मागे आली. थांबायला सांगितले होते रघुनाथरावांनी.

"चला, हिरामणजी. बस काही यायची नाही. आम्ही तिकडेच चाललो आहोत."

पस्तीस-चाळीस किलोमीटर चालत जाण्याइतका स्वाभिमान कथांतल्या माणसांना परवडतो. हिरामणची छाती तेवढे चालू देणारी नव्हती. दोघे मागे बसली.

दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागल्या. बऱ्याच वेळाने रघुनाथराव मागे न वळता म्हणाले, "कपबश्यांचं मला माहीत नव्हतं. घरी गेल्यावर विचारतो मी."

"नका इचारू, मालक," जयवंता म्हणाली. "त्या नाही म्हनतीन. मंग तुमाले त्याइचं खरं माना लागन. आता कमीत कमी तुमाले खरं ठाऊक तं हाय."

हेमंतने गिअर बदलला. रघुनाथराव पुढचा रस्ता पाहत राहिले. हा माणूस रात्री झोपणार नव्हता, आणि सकाळी उठून जिनात जाणार होता. पहिल्या गोष्टीने दुसरीत काहीही फरक पडणार नव्हता.

"तिगावजवळ माझ्या साडूच्या विटांच्या भट्ट्या आहेत," ते शेवटी म्हणाले. "जाळ सांभाळणारा जाणता माणूस त्याला पाहिजे. मी शब्द टाकतो. तिथं जोडीच घेतात."

"नाव?" जयवंताने विचारले.

"नाव हिरामणजींचं. तशीच पद्धत आहे."

हिरामणला खोकला आला. विटांच्या भट्टीवर धुराडेही नसते. धूर जमिनीलगत, माणसाच्या उंचीने वाहतो, आणि जवळपास संत्र्याची बाग नसल्याने त्याविषयी कुणाची तक्रार आलेली नव्हती.

"कवापासून येऊ?" हिरामणने विचारले.

"दिवाळी झाली की या."

"येतो," तो म्हणाला. जयवंताने त्याच्याकडे पाहिले नाही. ती जीपचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती, कारण रस्ता खराब होता.